बेबीनंदाची हळद

बेबीनंदा आणि मी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये एकाच टेबलावर काम करायचो. २००४ साल असेल. कपाशीच्या पानातलं प्रथिन पांढऱ्या पटलावर उतरवायचं आणि मशीनखाली त्याची रेघ चमकते का ते पाहायचं, हे आमचं काम. पण रेघेऐवजी अख्खं पटलच चमकायचं. चमकणारं औषध भलतीकडे चिकटू नये म्हणून आधी पटल दुधाच्या पावडरीत भिजवायचो आणि ते मेलं दूधच उजळायचं! शेवटी धर्मराज सरांनी दुधाऐवजी वापरायचं खास द्रावण हैदराबादहून मागवलं. त्यातलंही एकाच पटलापुरतं उरलं.

"सोमवारी सकाळी साफ फोटो पाह्यजे, न्हाई तर हे काम बंद," सर म्हणाले. काम बंद म्हणजे हंगामी बेबीनंदा घरी.

नेमकी रविवारी सकाळी तीर्थपुरीला तिच्या धाकट्या बहिणीची, कौसल्याची हळद. पहिली हळद थोरलीनं लावायची आणि दुपारी हिला पटल हाताळायचं. एकदा वरणाचा डाग पटलावर लखलखला होता, तेव्हापासून आम्हाला हळदीचा धसका होता. मांडवात ती हात मागे बांधून उभी राहिली. पुढचं तिनंच मला सांगितलं.

"बहिणीला हळद लावायला हात झडले का तुझे?" तिची आई, पुष्पाबाई, कडाडली.

"आई, ही हळद मशीनमधी चमकती. नोकरी जाईल माझी."

आईनं तोंड फिरवलं. हळदीनं माखलेली कौसल्या मात्र निघालेल्या बहिणीच्या गळ्यात पडून रडली.

दुपारी बेबीनंदा डोळे सुजवूनच आली. तोंड, हात खसाखसा धुतले, हातमोजे चढवले. पटल भिजवलं, औषध लावलं, धुतलं. मला तर श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. मशीनमध्ये ठेवण्याआधी तिनं घामानं चिकटलेली बट कानामागे सारली आणि पटल उचललं.

मशीनचा पडदा काळाकुट्ट! मधोमध स्वच्छ रेघ. मी ओरडलेच. मग कोपऱ्यात चमकणारं एक बोट उमटलं. मी तिच्या कानामागे पाहिलं, तिथं पिवळं होतं.

सोमवारी सरांनी फोटो पाहिला.

"रेघ बराबर आहे. कोपरा कापून टाका."

वाचली बया!

त्याच दिवशी न कापलेला फोटो घेऊन ती मला कौसल्याच्या लग्नाला घेऊन गेली. पुष्पाबाई अजून फुगलेल्याच. हिनं फोटो पुढं धरला आणि त्या ठशावर बोट ठेवलं.

"आई, हे पाह्य. कौसल्याची हळद. किती धुतली तरी गेली न्हाई."

पुष्पाबाईंना फोटोतलं काही कळलं नसावं. त्या आत गेल्या आणि झाकून ठेवलेली हळदीची वाटी घेऊन आल्या.

"तुझ्यासाठी ठिवली व्हती. आता तरी लाव तिला."