दाजींचं राहिलेलं पारणं

सकाळी दूध तापत ठेवलं होतं आणि अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. फोनवर ती कधी सरळ मुद्द्यावर येत नाही. आधी पाणी आलं का, मग गुडघे कसे आहेत, मग मुद्दा. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुझे दाजी गेले गं... झोपेतच. काल संध्याकाळी एकटेच चौकापर्यंत फिरूनही आले होते." मग म्हणाली, "हमीदभाईंना तू जाऊन सांग. फोनवर नको." मी हिमायतनगरच्या माझ्या घरून ऑटो केली. हमीदभाई दाजींचे कचेरीतले सोबती, पन्नास वर्षांचे दोस्त. रोज संध्याकाळी दोघं मिळून फिरायला जायचे, पण ताप आल्यामुळे आठवडाभर हमीदभाई घरीच होते. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कल शाम चले थे क्या?" मी म्हटलं, हो, एकटेच चौकापर्यंत जाऊन आले. "अपने पाँव से?" मी मान हलवली. "फिर ठीक है," म्हणाले, आणि रुमालाने डोळे पुसले.

माणूस गेल्याचं ऐकून कुणी असा प्रश्न विचारतं का, असं तुम्हाला वाटेल. मला मात्र त्या घडीला तोच प्रश्न योग्य वाटला. का, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

दाजी, म्हणजे मनोहरराव, अक्काला बघायला आमच्या घरी आले तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. पोहे येईपर्यंत ते तीनदा उठून बाहेर गेले. मुलाचं पोट बिघडलेलं दिसतंय, असं आमच्या वडिलांचं मत पडलं आणि आईने जेवणाचा बेत बदलून मऊ भात टाकला. तिसऱ्या वेळी मी मागोमाग गेले, तर नवरदेव आडाशेजारी उभे राहून धूर सोडत होते. मला पाहून दचकले नाहीत. खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून हातावर ठेवल्या आणि मऊ भात निमूट जेवले. मेव्हणीला वश कसं करायचं हे या माणसाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. लग्नानंतर नारायणगुड्याच्या त्यांच्या घरी मी कॉलेजसाठी राहिले, तेव्हा कळलं की सिगरेट हा त्यांचा नाद नव्हता, ते त्यांचं घड्याळ होतं. उठल्यावर एक, चहाबरोबर एक, पेपर उघडताना एक, मिटताना एक. शर्टांना भोकं, उशीला भोकं, अक्काच्या तुळशीत राख. अक्का भांडायची, रडायची, अबोला धरायची. दाजी हसून घ्यायचे. भांडणात हसणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, हे अक्काला शेवटपर्यंत जमलं नाही.

आणि तरी हाच माणूस दरवर्षी चार महिने सिगरेटला शिवत नसे! अक्काच्या सासूबाईंनी पहिल्याच वर्षी घरात सगळ्यांना चातुर्मासाचा नेम धरायला लावला होता. अक्काने कांदा सोडला, दाजींनी थट्टेत सिगरेट सोडली, आणि थट्टेत सोडलेली सिगरेट खरंच चार महिने सोडली. सगळ्या नातेवाइकांत वाहवा झाली. मग कार्तिकातली द्वादशी उजाडली. अक्काने पारण्याला कांदाभजी तळली, दाजी आंघोळ करून व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले आणि डोळे मिटून पहिली सिगरेट पेटवली. त्यानंतर वीस-एक वर्षं हेच. आषाढात कांदेनवमीला आम्ही भरपेट कांदे खायचो आणि दाजी पोटभर सिगरेटी ओढायचे. पारण्याच्या भजीला मला दरसाल बोलावणं असे. चार महिने राहू शकणारा माणूस बाराही महिने का राहू शकत नाही, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, अगं, संपणार आहे म्हणून तर राहता येतं. त्या उत्तरावर आम्ही सगळे हसलो होतो.

दाजी आणि हमीदभाई जमिनींच्या जुन्या कागदपत्रांच्या सरकारी कचेरीत होते. दाजींची शाळा उर्दूतून झालेली, त्यामुळे निजामाच्या वेळचे घसटलेले कागद ते वर्तमानपत्रासारखे वाचत. नव्या धोरणाचे वारे सुटले, बाहेरच्या कंपन्या शहराकडे वळल्या, आणि ज्या माळावर कधी शेरडं चरायला कुणी नेत नव्हतं त्याला एकाएकी दहा-दहा मालक फुटले. जो तो जुना कागद घेऊन दारात. कामं वाढली तशा सिगरेटी वाढल्या. कचेरीत संगणक आले, त्यांच्यासाठी थंडगार खोली झाली आणि दारावर धूम्रपानबंदीची पाटी लागली. यंत्राच्या छातीची एवढी काळजी, आमच्या छातीची कुणी केली नाही, असं म्हणत दाजी हमीदभाईंना घेऊन जिन्यात जाऊन ओढायचे. सुटल्यावर मात्र दोघं आबिड्सच्या कचेरीतून नारायणगुड्यापर्यंत चालत यायचे. चालणं हे दाजींचं खरं सुख. बसमध्ये बसलेला माणूस शहरात राहत नाही, फक्त शहरातून जातो, असं ते म्हणत.

त्याच सुमारास दाजींना दुकानांचा नाद लागला, असं आम्हाला वाटलं. रस्त्यावर नवी काचेची दुकानं झाली होती. रंगीत टीव्ही, धुलाईयंत्रं, परदेशी बूट. दाजी थोडं चालायचे आणि काचेपुढे उभे राहायचे. मग थोडं चालायचे, पुन्हा काच. अक्का मनातून हरखली. तिने धुलाईयंत्रासाठी मोरीतली जागासुद्धा मोकळी केली. एके दिवशी ते एका साड्यांच्या दुकानापुढे बराच वेळ उभे राहिले, तेव्हा हमीदभाईंनी आधी थट्टा केली, मग चेहरा पाहिला. दाजींच्या कपाळावर घाम होता. पोटरीत असा गोळा येत होता की पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं. लाज वाटून ते महिनोन् महिने काचेतल्या वस्तू बघत उभे राहत होते. मोरीतली ती जागा मग बरेच दिवस तशीच मोकळी होती आणि तिकडे बघून अक्काला रडू यायचं.

पुढे बूट चावल्याचं निमित्त झालं. उजव्या पायाची करंगळी आधी निळी, मग काळी पडली. डॉक्टरांनी सांगितलं, सिगरेटीने पायाच्या रक्तवाहिन्या बुजत आल्या आहेत. बोट काढावंच लागेल, आणि सिगरेट सुटली नाही तर पुढे... त्यांनी तळहात गुडघ्याखाली आडवा धरून दाखवला. दाजी गंभीरपणे म्हणाले की आषाढ लागू द्या, मी चातुर्मासात सोडतोच. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हेच. डॉक्टर तेलुगू, त्यांना चातुर्मासाचं हे प्रकरण कुठून कळणार? ते म्हणाले, आज. दाजींनी प्रयत्नही केला. बोट काढल्यावर तिसऱ्याच दिवशी अक्काला त्यांच्या उशीखाली काडेपेटी सापडली. त्या दिवशी ती भांडली नाही. तिने पांघरूण सारून त्यांचा पाय पाहिला आणि पुन्हा नीट झाकला.

रमजानचे दिवस होते. हमीदभाई रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन खाटेशेजारी बसायचे. मी डबा घेऊन जायचे तेव्हा त्यांचा रोजा सोडायचा वेळ व्हायचा. ते खजूर खायचे, एक दाजींच्या हातावर ठेवायचे आणि पायऱ्यांवर जाऊन सिगरेट ओढून यायचे. दिवसभर पाण्याचा घोट न घेतलेला माणूस, पण ओढ त्या सिगरेटचीच. एकदा ते परत आल्यावर दाजी म्हणाले, जरा जवळ सरकून बसा. हमीदभाई सरकले. अजून जवळ, दाजी म्हणाले. तेव्हा हमीदभाईंच्या लक्षात आलं की दोस्ताला आपल्या कपड्यांचा वास हवा आहे. त्यांचा चेहरा पडला. दाजी ओशाळून म्हणाले, "तुम सूरज डूबने की राह देखते, मैं कार्तिक की. अपन दोनों एकच."

हमीदभाई म्हणाले, "गडबड रोजे में नहीं है रावसाब, गडबड इफ्तार में है. आज से सिगरेट का रोजा खोलते नहीं. खजूर खाएंगे, बस. कल का कल देखेंगे."

डबा उघडता उघडता अक्का थांबली. मग माझंही पारणं नाही, म्हणाली. तिने त्या दिवशी कांदा सोडला तो कायमचा. अक्काच्या हातची कांदाभजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांनाच तिने काय सोडलं ते कळेल. माझंही थोडं श्रेय लिहून ठेवते: इतकी वर्षं बहिणीकडे बिनकांद्याचे पोहे मी तक्रार न करता खाल्ले आहेत. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला हमीदभाईंनी सांगून ठेवलं, तो दाजी दिसले की लवंग पुढे करायचा. आणि रोज दिवेलागणीला, रमजान संपल्यावरही, हमीदभाई कागदाच्या पुडीत दोन खजूर घेऊन यायचे. आधी फाटकापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग चौकापर्यंत फेरी, आणि शेवटी एक-एक खजूर. दाजी चिडायचे, जेवण टाकायचे, माझ्यावर विनाकारण खेकसायचे. हमीदभाईंशीही त्यांनी दोनदा अबोला धरला. अबोल्यातही खजूर यायचा.

खरी परीक्षा द्वादशीला होती. भजी नाही हे ठाऊक असूनही मी सवयीने सकाळीच गेले. दाजी आंघोळ करून आरामखुर्चीत बसले होते आणि समोर कठड्यावर कोरं पाकीट होतं, शेजारी काडेपेटी. कधी आणलं, कुठून आणलं, देव जाणे. मी झडप घालणार होते, अक्काने माझं मनगट धरलं. तेवढ्यात फाटक वाजलं. हमीदभाई कधी सकाळी येत नसत, त्या दिवशी आले. त्यांनी पाकीट पाहिलं, शांतपणे फोडलं, एक सिगरेट दाजींपुढे ठेवली आणि एक स्वतःच्या बोटांत धरली.

"तुम खोले तो मैं भी खोलतूँ. बोलो रावसाब."

त्या आठ महिन्यांत हमीदभाईंचा जुना खोकला कुठल्या कुठे गेला होता. दाजी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो हात नकळत सिगरेट नाकाशी नेत होता... हे नाटक नव्हतं, त्यांनाही ती सिगरेट तितकीच हवी होती. मला वाटतं, दाजींना ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "नक्को हमीदभाई," ते म्हणाले. "चलो, चलके आते." त्यांनी चपला चढवल्या आणि दोघं निघाले. अक्काने ते पाकीट पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि बादली बराच वेळ तशीच धरून उभी राहिली.

त्यानंतर पंचवीस वर्षांहून जास्त काळ दाजी चालले. मुलीच्या लग्नात चालले, नातवाला शाळेत सोडायला चालले. मोठी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, भाषणंही पुष्कळ ऐकली आहेत, पण एखादी गोष्ट कायमची सोडली असं कधीच न म्हणता ती रोज नव्याने न करणारा माणूस मी एकच पाहिला. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, माझा उपास चालू आहे, पारण्याचं अजून ठरलेलं नाही. मला या माणसाचा फार अभिमान वाटायचा. त्यांच्यापुढे कधी म्हटलं नाही, कारण मेव्हणीने कौतुक केलं असतं तर त्यांना काहीतरी काळंबेरं आहे असं वाटलं असतं.

तेराव्याला अक्काने रीतीप्रमाणे नवे जोडे दान दिले. दाजींच्या जुन्या चपला मात्र दाराशी होत्या तिथेच आहेत. चामड्यावर बोटांचे ठसे उमटले आहेत, डाव्या चपलेत पाच, उजवीत चार. टाचा दोन्हींच्या सारख्या झिजलेल्या. हमीदभाई आले तेव्हा दारातच थांबले आणि त्या चपलांकडे बघत राहिले. मग आत येऊन खिशातून पुडी काढली. सवयीने खजूर दोनच आणले होते. "अब मेरा रोजा कौन संभालता, भाबी?" ते म्हणाले. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण आवाज अगदी लहान झाला होता.

अक्काने पुडीतला एक खजूर उचलून त्यांच्या हातावर ठेवला. "शामकू आते रहो, भाईसाब," म्हणाली. "खजूर मैं देती."

आता ते रोज येतात, आपले जोडे त्या चपलांच्या शेजारी काढतात, आणि दोघं एक-एक खजूर खातात. परवा मी अक्काला म्हटलं, आता तरी कांदा खा, नेम कुणासाठी धरला आहेस? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी कुठे केलं पारणं?"