निळे बगळे

पक्ष्यांच्या फोटोंतली पिवळी झाक काढायला मला कोणीही सांगितलं नव्हतं.

मेव्हणा बाळू कासुर्डीजवळ हायवेला हॉटेल काढत होता. मीच फुशारकी मारली, "भिंतींवर भीमेकाठचे पक्षी लाव. फोटो माझे!" (न्हावऱ्याचे माझे सासरे, आबा, मला लग्नापासून 'हौशी जावई' म्हणतात. ते कौतुक नव्हे, हे मला दहा वर्षांनी कळलं.)

दौंडला घरी लॅपटॉप उघडला, तर सगळे बगळे हळद लागल्यासारखे पिवळे! मला चैन पडेना. पिवळा कमी केला, निळा वाढवला. चहा पिऊन आलो, तरी पिवळेच! आणखी निळा. भाजीला निघालो, अर्ध्या जिन्यातून परत फिरलो, आणखी निळा!

बायको, सुनंदा, म्हणाली, "अहो, बगळाच हाय तो. किती धुताय?"

तिसऱ्या दिवशी बगळे दुधासारखे दिसले. बारा फोटो छापायला पाठवले. फ्रेमवाल्याचा फोन आला, "सर, असंच छापायचं? नक्की?"

"तसूभर रंग बदलू नका!" मी गरजलो.

फ्रेमा परस्पर हॉटेलात लागल्या. उद्घाटनाला पोचलो आणि दारातच थिजलो. बगळे निळेशार! गुलाबी रोहित पक्षी जांभळे! आबा फ्रेमला नाक लावून उभे.

"जावईबापू, ह्यास्नी इख बाधलंय का?"

सुनंदा कानात कुजबुजली, "तुमचं डोळं दुखत्यात म्हणून मी स्क्रीन पिवळी करून ठेवली हुती. सांगायचं राहिलंच!"

म्हणजे पिवळे बगळे नव्हते, स्क्रीन होती! पण पाहुणे भोवती जमलेले. मी घाम पुसत म्हणालो, "दुर्मीळ आहेत. थंडीत येतात. फार लांबून."

पुढच्याच रविवारी फोटोंची बातमी ऐकून पुण्याहून दोन गाड्या भरून पक्षीवेडे हॉटेलात आले. हातभर लांब लेन्सा! "निळा बगळा कुठं दिसतो?"

"आमचं दाजी दावत्यात की!" बाळूनं मला पुढं ढकललं.

चार तास मी त्यांना भीमेच्या चिखलातून हिंडवलं. पांढरा बगळा दिसला की "हा नव्हे, हा नव्हे" म्हणत पुढं पळायचो. शेवटी एका आजींचा बूट चिखलात रुतून राहिला आणि माझा धीर सुटला. सगळं कबूल केलं. आजी एका पायावर उभ्या राहून माझ्याकडे बघत राहिल्या (अगदी बगळ्यासारख्या!) आणि मग इतक्या हसल्या, की दुसराही बूट रुतला. सगळे बाळूकडेच जेवले.

मी मात्र तळमळत होतो. रंग नीट करून बारा फोटो पुन्हा छापले, फ्रेमा घेऊन हॉटेलात गेलो. पांढरेशुभ्र बगळे बघून आबा म्हणाले, "हे व्हय? हे तर आपल्या उसात रोज फिरत्यात. ह्येंचा फोटू कशाला?"

बाळूनं निळेच ठेवले. लोक खास बघायला येतात म्हणे. फक्त प्रत्येक फ्रेमखालचं माझं नाव त्यानं चिकटपट्टीनं झाकलंय.

"राग नका मानू दाजी," तो म्हणाला, "पक्षी खोटं हायत ते चालतंय, पर खाली घरच्याच माणसाचं नाव वाचून गिऱ्हाईक जेवणाबद्दलबी शंका घेतंय!"