व्हिएन्नाच्या दोन सिगारी

दोघं एकाच कामासाठी, एकाच विमानानं व्हिएन्नाला गेले, एकाच हॉटेलात राहिले आणि रोज संध्याकाळी एकाच कॉफीहाउसात शेजारी बसून सिगारी ओढून परत आले. तरी बोलायला लागले की वाटायचं, दोन वेगवेगळ्या गावांना जाऊन आलेत.

त्यातले एक आमचे दादा, माझ्या मावशीचे धाकटे दीर. सिंगापूरला वन-नॉर्थ भागात एका कंपनीत इंजिनिअर होते. तिथेच एम.एस्सी. करत असताना मी बुकित पंजांगला त्यांच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत राहायचो. दुसरे म्हणजे दादांचे सर, त्याच कंपनीतले वरिष्ठ, पुण्याचे. सिगारचा नाद दादांना त्यांनीच लावला होता. सरांच्या कॉन्डोच्या बाल्कनीत त्यांची बायको ओढू देत नसे, म्हणून शनिवारी संध्याकाळी ते आमच्या ब्लॉकखाली यायचे. तिथे खांबांमध्ये एक दगडी टेबल होतं. दादांची मुलगी शेजारून जाताना नाक धरायची आणि म्हणायची, "बाबा, सो स्मेली लाह!"

सर वर घरी कधी आले नव्हते. धूर घरात नको, हे कारण सांगितलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण वर हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. आम्ही बौद्ध. दादांचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. ते कुणाचंही असू शकतं. सरांनी ते आपल्या परीनं लावून घेतलं होतं आणि दादांनी ते तसंच राहू दिलं होतं. दादांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, हे बोलून दाखवायच्या. म्हणायच्या, "सिगार विझली तरी चालेल, पण यांचं खाली बसणं थांबायचं नाही." माझी ओळख सरांना 'एक ओळखीचा मुलगा' अशी करून दिलेली होती.

मला व्हिएन्नाचं एवढं अप्रूप का होतं, तेही सांगायला हवं. तिथल्या एका लॅबमध्ये मी पीएच.डी.साठी अर्ज केला होता. फोनवर मुलाखत झाली होती, चांगली झाली होती. कोर्स संपला की माझा स्टुडंट पासही संपणार होता. ती जागा मिळाली नाही तर परत जायचं, आणि परत जाऊन काय करायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. पुढचा रस्ता विचारावा असं घरात कुणी नव्हतं. म्हणून ते दोघं व्हिएन्नाबद्दल बोलायला लागले, की मी हातातलं काम टाकून खाली जाऊन बसायचो.

"सुंदर मढं आहे ते शहर," त्या शनिवारी सर म्हणाले. "राजवाडे आहेत, पुतळे आहेत, सगळं आहे. पण माणूस? वेटर कप असा ठेवतो, की जणू आपण त्याच्या घरी न सांगता आलोय. शेजारी एक म्हातारा सिगारच ओढत होता. म्हटलं, हॅलो. त्यानं मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं! अरे, दोन सिगारवाले शेजारी बसलेत, विचार की बाबा, कुठला तू, काय करतोस?"

दादा हसले. "सर, मला तेच आवडलं."

"काय आवडलं? अपमान?"

"एका कॉफीवर दोन तास बसलो. पाण्याचा ग्लास संपला की न मागता दुसरा. कुणी ऊठ म्हणालं नाही, कुणी काही विचारलं नाही."

"तुझं सोपं आहे रे. तुला कोपऱ्यात खुर्ची दिली की तू खूश."

"कोपऱ्यात नव्हती सर. खिडकीत होती."

सर मोठ्यानं हसले आणि माझ्याकडे वळले. "काय व्हिएन्नाकर, तुमचं काय मत? कुणाचं खरं?"

मी म्हणालो, "मला कसं कळणार? मी अजून गेलोच नाही." मग धीर करून लॅबचं सांगितलं, तिथल्या प्राध्यापकांचं नाव सांगितलं. तेही मूळचे पुण्याचेच.

सर ताठ बसले. "अरे, तो माझा वर्गमित्र! आधी नाही का सांगायचं? उद्याच मेल टाकतो. नाव सांग तुझं, पूर्ण."

मी माझं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं आणि थांबलो.

"आणि आडनाव?"

आमचं आडनाव असं आहे, की ते सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मी दादांकडे बघितलं. ते सिगारच्या टोकावरची राख बघत होते. पलीकडून एलआरटी रेल्वेचा डबा गेला. तो गेल्यावर मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," सर म्हणाले. मग दादांना म्हणाले, "हा तुझ्या नुसता ओळखीचा, नाही का रे?"

दादांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. सरांनी वाट मोकळी करून दिली होती.

"ओळखीचा नाही, सर," दादा म्हणाले. "माझ्या वहिनीच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. घरातलाच आहे."

सरांनी एकदा दादांकडे बघितलं, अगदी थोडा वेळ. "अच्छा, अच्छा. छान." मग दादांच्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. हवा फार दमट आहे म्हणाले. अर्धी सिगार विझवून डबीत ठेवली आणि उठले. विझवलेली सिगार पुन्हा पेटवली तर कडू लागते, अर्ध्यावर कधी सोडू नये, हे दादांना सरांनीच शिकवलं होतं.

वर गेल्यावर वहिनींनी दोघांच्या तोंडाकडे बघितलं. "काय झालं?"

"सांगितलं," दादा म्हणाले.

"इतकी वर्षं नाही, आणि आज कशाला?"

"हा पोरगा माझ्याकडे बघत होता. काय करू मग?"

वहिनींनी ताटं घेतली. जेवताना मुलीचंच बोलणं चाललं होतं, इंग्रजीत, शाळेतल्या कुठल्या तरी स्पर्धेचं.

पुढच्या शनिवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी भीत भीत विचारलं, ऑफिसात काही म्हणाले का? दादा म्हणाले, "नाही रे. काम तेच, टीम तीच. फक्त मला आता अहो-जाहो करतात, सगळ्यांसमोर. फार आदरानं बोलतात." त्यांनी हे हसून सांगितलं. मला हसू आलं नाही.

महिनाभरानं व्हिएन्नाहून मेल आला. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे, तुम्हाला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा. भाषा चांगली होती. मी तो बऱ्याचदा वाचला, कुठे काही सापडतं का म्हणून. दादा टेबलापाशी एकटेच सिगार ओढत बसले होते. मी खाली जाऊन विचारलं, सरांनी काही लिहिलं असेल का?

"लिहिलं असेल. नसेलही. चांगलंही लिहिलं असेल, काय सांगावं? तुझ्या अर्जावर आडनाव होतंच की. किंवा तुझ्यापेक्षा हुशार मुलगा आला असेल."

"मग कळणार कसं?"

"नाही कळणार," दादा म्हणाले. "कुणी तोंडावर शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. याचं काय करणार?" मग राख झटकून म्हणाले, "मला वाटलं होतं, त्या गावात कुणी विचारत नाही."

ते शहर चांगलं की वाईट, यावर पुढे आमच्यात बोलणं झालं नाही. मला अजूनही त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणता येत नाही. खिडकीतली खुर्ची आठवते, पण ती दादांची आहे. पेपरातून वर न बघणारा म्हातारा सरांचा आहे. माझं त्यात काहीच नाही.

रविवारी कॉलिंग कार्ड घेऊन घरी फोन केला. आईनं तब्येत विचारली आणि फोन वडिलांकडे दिला. जागा मिळाली नाही, असं मी सांगितलं.

"का रे?" वडिलांनी विचारलं. "मार्क कमी पडले का?"

त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीवर भरवसा ठेवला होता. शिकलं की झालं. मला शाळेत घातलं ते त्याच भरवशावर, इतक्या लांब पाठवलं तेही त्याच भरवशावर. मी जे दगडी टेबलापाशी बघितलं, ते त्यांना फोनवर कसं सांगणार होतो?

"हो," मी म्हणालो. "थोडे कमी पडले."

"मग अजून अभ्यास कर," ते म्हणाले.

"करतो," मी म्हणालो.