जावयाला लाथ कशी मारायची

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. म्हाताऱ्या बाईने स्वतःचं रक्षण करायला शिकावं, यात हसण्यासारखं काहीही नाही. तरी त्या वर्षी दोंडाईच्याजवळच्या त्या गावात मी जे पाहिलं, ते आठवलं की मला हसू येतं. हसू आणि राग एकत्र येतात. दोन्ही खरे आहेत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला कॉलेज संपवून स्त्रियांच्या एका संघटनेत पूर्णवेळ काम करत होते. पत्रकं लिहायची, सायक्लोस्टाइल करायची, पिशवीत भरायची आणि एस.टी.ने गावोगाव जायचं. गावात उतरले की माझा मुक्काम अक्कांकडे. अक्का म्हणजे साठी ओलांडलेली विधवा बाई, नदीकाठी थोडी बागायत, एक शेळी आणि कुणाचंही ऐकून न घेणारी जीभ. पत्रक त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी मोठ्याने वाचून दाखवलं की त्या मधेच थांबवायच्या. "हाई वाक्य लई लांब शे. दम लागना माले."

अक्का रोज पहाटे मेथी-भेंडीची पाटी डोक्यावर घेऊन फाट्यावर जायच्या आणि पहिल्या बसने दोंडाईच्याच्या बाजारात. हिवाळ्यात एका पहाटे वाटेत कुणीतरी मागून येऊन त्यांचं मनगट धरलं. त्या पडल्या. तो माणूस अंगावरची शाल ओढून पळाला. हात सुजला, महिनाभर बांधून ठेवावा लागला.

आता गावातल्या पारावर काय चर्चा झाली असेल? तो माणूस कोण, कुठून आला, त्याला शोधायचा कसा? नाही. चर्चा ही झाली की या वयात बाईने एकटीने अंधारात जायचं कशाला. मी स्वतः ऐकली. म्हणजे पळून गेलेला चोर मोकळा, आणि पडलेली बाई आरोपी. यावर मी त्याच आठवड्यात पत्रक काढलं. पारावरच्या एकाने त्यात भजी गुंडाळून नेली.

अक्कांचा मुलगा जळगावला सरकारी कचेरीत होता. तो धावत आला. मुलगा वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कबूल होतं आणि त्यामुळेच जास्त राग येत होता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. हा आईच्या हाताला मलम लावत सांगत होता, "आई, आता बस झालं. जळगावला चल. पंखा आहे, नळाला पाणी आहे, नातवंडं आहेत. इथे मी तुला एकटी ठेवणार नाही."

"माले जळगाव नको," अक्का म्हणाल्या. "मनं घर आठे शे."

"आखाजीला येतो," तो अक्षय्य तृतीयेचा वायदा करत म्हणाला. " तोवर सामान बांधून ठेव. जमीन कुणाला तरी वाट्याने देऊन टाकू."

मी मधे पडले. स्त्रीचा स्वतःच्या श्रमावरचा हक्क, निर्णयाचा हक्क, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, पुढच्या वेळी ती पडली तर तुमची पत्रकं तिला दवाखान्यात नेतील का?" याची माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. ती सगळी पत्रकातली होती.

तो गेल्यावर अक्का चुलीपुढे बसून म्हणाल्या, "पोरी, वाचाले नको शिकाडू माले. हात सोडावाले शिकाड."

मी दोंडाईच्यात चौकशी केली. तिथल्या एका शाळेतले पी.टी.चे शिक्षक कराटे शिकवायचे, वाढत्या मुलांना तसंच एस.टी.तल्या जाड्या वाहकांनाही. मी त्यांना भेटले. वय झालेल्या बायकांना शिकवाल का, असं विचारल्यावर त्यांनी अजिबात थट्टा केली नाही. म्हणाले, "उलट त्यांनाच आधी शिकवायला पाहिजे. तरुण माणूस पळू तरी शकतो." गावाचं नाव सांगितलं तेव्हा मात्र ते जरा घुटमळले. "येतो," म्हणाले, "पण बघा हं." काय बघायचं, ते मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी खळ्यावर अक्का आणि त्यांच्या वयाच्या, थोड्या लहान अशा आठ-दहा बायका जमल्या. सर सायकलवरून उतरले आणि सगळ्यांनी एकदम पदर डोक्यावर ओढले. एकीने पाण्याचा तांब्या आणला. दुसरी घरून बाज आणून टाकू लागली. तेव्हा मला कळलं. सर या गावचे जावई होते. अक्कांच्या शेजारच्याच घरातली मुलगी त्यांना दिलेली. त्यांची सासू बायकांच्या मागे, तोंड फिरवून, खळ्याच्या कडेला बसली होती.

सरांनी अक्कांचं मनगट धरायला हात पुढे केला. अक्कांनी त्याला नमस्कार केला, कुंकू लावायचं तेवढं बाकी ठेवलं. सर म्हणाले, "मी हात धरतो, तुम्ही माझ्या नडगीवर पाय मारा." कुणी हललं नाही.

"अक्का, मारा ना," मी म्हणाले.

"पोरी, तू शानी शे का? जवाईना पाय धुतस. त्याले लात मारतस का?"

मग मी बोलले. बरंच बोलले. जावई नावाचं प्रकरण म्हणजे पुरुषसत्तेचा लाडावलेला प्रतिनिधी, त्याचे पाय धुणं ही गुलामी, ती मोडण्याची हीच संधी. सर मान खाली घालून उभे होते, बहुधा स्वतःबद्दल हे सगळं पहिल्यांदाच ऐकत असावेत. बायकांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग सरांना चहा दिला, शेव-चिवडा दिला आणि निरोप दिला. वर्ग संपला.

पुढच्या खेपेलाही तेच. मी दुसरा शिक्षक शोधायचं ठरवलं, पण धुळ्याहून यायला कुणी तयार होईना. आखाजी जवळ येत होती. अक्कांनी गाठोडं बांधलं नव्हतं, पण शेळीला कुणाकडे ठेवायचं याची चौकशी मात्र सुरू केली होती. ते ऐकून मला झोप लागली नाही.

तोड अक्कांनीच काढली. भाकरी थापताना त्या आखाजीच्या आठवणी सांगत होत्या. आमच्या खानदेशात आखाजी हा माहेरवाशिणींचा सण. झाडांना झोके, गाणी, आणि अक्कांच्या माहेरी नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांतल्या मुलींची भांडणं. अलीकडच्या इकडून शिव्या देणार, पलीकडच्या तिकडून. शिव्या संपल्या की ढेकळं, ढेकळं संपली की झिंज्या. संध्याकाळी सगळ्या आपापल्या घरी, मनात काही नाही.

"तुम्ही मारामारी करायचात?" मी विचारलं.

"मी? मनाथीन लांब ऱ्हायेत बठ्ठ्या." म्हणजे सगळ्या त्यांच्यापासून लांबच राहायच्या. बोलता बोलता त्यांचे भाकरी थापणारे हात थांबले. "व पोरी. जवाईले सांग, आते रस्तावरथीन येऊ नको म्हना. नदीमाईन ये म्हना. पल्लाडथीन."

मला अर्थ लागायला वेळ लागला. बायकांना लागला नाही. सर गावच्या रस्त्याने आले तर जावई. पण पलीकडच्या काठावर सायकल लावून, कोरड्या नदीतून चालत आले, तर तो पलीकडच्या गावचा माणूस. पलीकडच्याला मारायला काय हरकत?

मला हे तत्त्वतः मान्य नव्हतं. रूढी मोडायची की तिला वळसा घालायचा, असा प्रश्न मी संघटनेच्या बैठकीत मांडलासुद्धा. बैठकीत एकमत झालं नाही. तोवर सर नदीतून यायला लागले होते आणि वर्ग खळ्यावरून नदीच्या वाळूत आला होता.

काय सांगू. ज्या बायकांनी त्यांच्यापुढे मान वर केली नव्हती, त्यांनी त्यांना वाळूत लोळवायला सुरुवात केली. सर म्हणत, हल्ला करताना आधी मोठ्याने ओरडा, समोरचा दचकतो. कराटेतलं ते 'हा' कुणाच्या तोंडी बसेना. अक्कांनी स्वतःचं चालवलं. "तुमना गावनी विहीरले पानी नई, पोऱ्यास्ले मिशा नई," असं ओरडून त्या कोपर मारायच्या. सरांना भरघोस मिशा होत्या. ते तसेच वाळूत बसून हसायचे.

शिकवायचे मात्र नीट. गुडघे दुखतात म्हणून खाली बसायचं काही ठेवलं नाही. पाय गुडघ्याच्या वर न्यायचाच नाही, नडगी पुरे. मनगट धरलं तर ओढाताण करायची नाही, त्याच्या अंगठ्याकडे हात वळवायचा, पकड तिथेच सुटते. अक्कांना डावं-उजवं सांगितलं की गोंधळ व्हायचा, मग सर "जेवणाचा हात" आणि "दुसरा हात" म्हणू लागले. पडायचं कसं तेही शिकवलं, कारण अक्का म्हणाल्या, "माराना भेव नई, पडाना शे." लुगड्याच्या कासोट्याचा इतका उपयोग मी आधी पाहिला नव्हता. माझीच सलवार दोनदा उसवली.

अक्का हुशार विद्यार्थिनी होत्या असं मी म्हणणार नाही. आज आलेलं उद्या विसरायच्या. अंग आखडायचं. तेल लावून दोन दिवस कण्हायच्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी वाळूत हजर. सगळ्यात चांगलं कोपर सरांच्या सासूचं होतं. त्या महिनाभर कडेला पाठ करून बसल्या. एक दिवस उठल्या, पदर दातात धरला आणि एकही शब्द न बोलता जावयाच्या बरगडीत असं कोपर दिलं, की सर थोडा वेळ आकाशाकडे बघत राहिले.

वर्ग संपला की सर परत नदी ओलांडून जायचे, सायकल घ्यायचे आणि पुलावरून वळसा घालून गावात यायचे. तेव्हा त्याच बायका पदर घेऊन उभ्या. बाज टाकलेली. सासू दाराआडून चहा पाठवायची, साखर जास्त.

पारावरच्यांनाही विषय मिळाला. एका नानांनी हटकलं, "अक्का, आते पोलिसमा भरती व्हशी का?"

"व्हसू. पहिले तुलेच धरसू," अक्का म्हणाल्या आणि पुढे गेल्या. नाना उरलेल्यांकडे बघून हसले, पण पाय जरा आवरून बसले.

आखाजीच्या आदल्या दिवशी मुलगा येणार होता. त्याच्यापुढे काय आणि कसं बोलायचं, याची मी तयारी करून आले होते. मुद्दे क्रमाने मांडले होते. ऊन कलल्यावर अक्का शेळीसाठी गवताचा भारा डोक्यावर घेऊन नदीकाठाने घरी चालल्या होत्या, मी बाजूने त्यांना मुद्दे समजावत होते. म्हणजे त्या ऐकत होत्या असं मला वाटत होतं.

मुलगा नेहमीच्या बसने आला नाही. सणाची गर्दी, म्हणून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून पलीकडच्या गावात उतरला आणि जवळचं पडतं म्हणून नदीतून आला. वाळूत पावलं वाजत नाहीत. आई दिसली, डोक्यावर भारा दिसला. चांगला मुलगा होता, सांगितलंच आहे. काही न बोलता त्याने मागून एका हाताने भारा उचलला आणि दुसऱ्या हाताने, आई पडू नये म्हणून, तिचं मनगट धरलं.

अक्कांचं मनगट त्याच्या अंगठ्याकडे वळलं. कोपर गेलं. टाच नडगीवर बसली. आणि वर पलीकडच्या गावच्या विहिरीबद्दलचं ते सगळं. मी तोंड उघडेपर्यंत जळगावचे साहेब वाळूत बसले होते, भारा अंगावर, चष्मा एका कानाला.

अक्कांनी वळून पाहिलं. मला वाटलं आता रडतील. त्या चिडल्या. "पल्लाडथीन कशाले वना? रस्ता नई का गावले?"

तो बरगडीवर हात धरून, नडगी चोळत, आईकडे पाहत राहिला. केसात गवत होतं. मग त्याने चष्मा नीट लावला. "आई," तो म्हणाला, "हे परत कर बरं. हळू."

अक्कांनी केलं. त्याने मनगट धरलं, त्यांनी सोडवलं. मग त्याने जोर लावून धरलं. तेही सोडवलं. तिसऱ्यांदा त्याने दोन्ही हातांनी धरलं, ते काही सुटेना. अक्का म्हणाल्या, "हाई आजून शिकाडेल नई." त्याने हसत सोडून दिलं. मी मुद्दे काढणार होते. अक्कांनी भारा माझ्या डोक्यावर दिला.

दुसऱ्या दिवशी आमरस झाला, खापराची पुरणपोळी झाली. आवारातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी ओरडत होत्या. मुलाने सामानाचा विषय काढलाच. मन पूर्ण वळलं नव्हतं. पहिली बस सोड, दुसरीने जा, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या बसपर्यंत मेथी माना टाकते, असं अक्कांचं. शेवटी ठरलं ते असं, की पहिली बस राहील, पण फाट्यापर्यंत सरांची सासू सोबत येईल. तीही पाटी घेऊन. दोन्ही हातांनी धरलं तर काय करायचं, ते सरांनी लवकर शिकवायचं. जळगावबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही. हे माझ्या मागणीपत्रकाच्या मानाने फारच कमी होतं. अक्का मात्र त्या रात्री घोरल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो परत निघाला. अक्कांच्याच बसने दोंडाईच्यापर्यंत, पुढे गाडीने जळगाव. मीही धुळ्याला जाणार होते. फाट्यावर अक्का आणि सरांची सासू पाट्या डोक्यावर घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. बसचे दिवे दिसले. आईची पाटी टपावर चढवायला तो मागून पुढे सरकला, आणि मधेच थांबला. चांगला हातभर लांब.

"माय," तो म्हणाला, "मी शे."

अक्का वळल्या नाहीत. "माहीत शे," म्हणाल्या. "उचल आते."