गुरुवारच्या कुरडया

आमच्याकडे गुरुवारी वीज नसायची. सकाळी जायची ती दुपार कलेपर्यंत. गिरणी बंद, टीव्ही बंद, पाण्याची मोटर बंद, त्यामुळे गल्लीतल्या बायका मोकळ्या. म्हणूनच आईने कुरडयांचा वार गुरुवार धरला होता. सोमवारी गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, बुधवारी वाटून चीक काढायचा आणि गुरुवारी सकाळी तो शिजवून चौघीजणींनी गच्चीवर सोऱ्याने कुरडया घालायच्या. स्वारगेटपासून गिऱ्हाईक यायचं. पांढऱ्याशुभ्र कुरडया ही आईची कमाई होती आणि तिचा तोराही.

खराडी तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहरही नव्हतं. आमच्या भिंतीला लागून, जिथे लहानपणी मी ज्वारीत लपायचे, तिथे काचेची आयटीची इमारत उभी राहिली. तिथेच मला नोकरी लागली. आमच्या घरात गळ्यात कार्ड घालणारी मी पहिली. गुरुवारी वीज गेली तरी तिथे दिवा लुकलुकतसुद्धा नसे. खाली डिझेलचा जनरेटर गुरगुरू लागे, आणि त्याचं धुराडं नेमकं आमच्या गच्चीकडे तोंड करून होतं. मी वर गारव्यात बसायचे आणि भिंतीपलीकडे आईच्या ओल्या कुरडयांवर काजळी बसायची.

"वार बदल ना," मी तिला म्हणाले.

"त्यांनी बदलावा. मी आधीपास्नं हितं हाय."

त्याच सुमारास ऑफिसात परदेशी पाहुण्यांचं भाषण झालं. तुम्ही लोकांनी वीज जपून वापरली पाहिजे, नाहीतर पृथ्वीचं काही खरं नाही, असं ते म्हणाले. आमच्या घरात दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा, तेही गुरुवारी बंद. अजून काय जपायचं होतं? मग आमचे साहेब उठले आणि म्हणाले, देश पुढे जायचा तर थोडा धूर सोसावा लागतो. तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. आम्हाला वीज हवी होती, नोकऱ्याही हव्या होत्या, त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण धूर थोडा की फार, हे ज्याच्या नाकात जातो त्याला विचारा ना! अर्थात हे सगळं मी मनात म्हणाले. प्रत्यक्षात टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

आमच्याकडे हंगामातला पहिला घाणा तळला की एक ताट शेजारी जातं. भाषणानंतरच्या गुरुवारी आईने आधीच्या डागाळलेल्या कुरडया तळल्या, ताटावर फडकं टाकलं आणि थेट आमच्या ऑफिसच्या दारात आली. मी नेमकी साहेबांबरोबर जिना उतरत होते. आम्हा मायलेकींची नजरानजर झाली. मी मान खाली घातली.

"कोणाकडे आलात?" वॉचमनने विचारलं.

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "कुनाकडं न्हाई. शेजारी हाय मी."

तिने ताट साहेबांपुढे धरलं. "खावा की."

साहेब पुण्याचे, रीत सोडणारे नव्हेत. "अहो, कशाला त्रास घेतलात," म्हणत त्यांनी एक कुरडई उचलली आणि निरखली. "हे काळं काय आहे?"

"ते तुमचंच हाय. आमी नुसतं तळलं."

आई ताट वॉचमनच्या टेबलावर ठेवून चालती झाली. संध्याकाळी तिने मला नेहमीसारखं वाढलं.

पंधरा दिवसांत ऑफिसने धुराडं उंच केलं. आमची गच्ची स्वच्छ झाली, कुरडया पुन्हा पांढऱ्या झाल्या. गल्लीने आईचं कौतुक केलं. पण चारच दिवसांनी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एक बाई आईचं नाव ऐकून काळवंडलेले पापड घेऊन आमच्या दारात आली. धूर गेला नव्हता, आमच्या डोक्यावरून पुढे गेला होता. आईने ते पापड हातात घेतले, बोटाने पुसून पाहिले आणि ताट काढून त्यावर टाकायला फडकं शोधू लागली.

"ते ताट इकडे दे," मी म्हणाले.

"नोकरी हाय तुजी तिथं."

"म्हणूनच दे."

दुसऱ्या दिवशी कार्ड गळ्यात घालून मी ते तळलेले पापड साहेबांच्या टेबलावर ठेवले. या वेळी मान वर होती. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता हे कोणाकडून?"

"ओढ्यापलीकडून. आणि सर, मागच्या वेळी ताट घेऊन आली होती ना, ती माझी आई."