‘अ’ आणि ‘प्रगत’च्या मधली जागा

शेख मॅडम गेल्याचं मला माझ्या पोरीच्या, पायलच्या मोबाईलवर कळलं. शाळेच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला होता. भोवती फुलं, खाली दोन दिवे आणि त्याखाली ‘आमच्या शाळेच्या लाडक्या शिक्षिका’. पायल मोबाईल माझ्या हातात देऊन शेळ्यांना पाणी दाखवायला गेली. मी चौथी शिकलेली बाई, मला वाचायला वेळ लागतो, पण एकदा वाचलेलं लवकर विसरत नाही. लाडक्या... ज्या बाईला दोन वर्षांपूर्वी ‘यंदा तुम्हाला तास नाहीत’ एवढं शिपायाच्या तोंडून कळवलं, जिची पिशवीसुद्धा स्टाफरूममधून गेटवर पाठवून दिली, ती मेल्यावर लाडकी झाली. खाली सगळ्या मास्तरांनी हात जोडलेले होते. मोबाईलमध्ये हात जोडायला एक बोट पुरतं.

त्याला आता दीड महिना झाला. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, पाहुणे आले तरी चहा देऊन मी आत जाते. म्हणून पायलच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते आहे. इथं कोणी मध्येच हसणार नाही.

आमच्या तांड्यावर शाळा चौथीपर्यंत, शेजारच्या गावात सातवीपर्यंत. आठवीला कळमनुरीच्या रोडवरच्या हायस्कूलला जावं लागतं. पायल गेली तेव्हा तिच्या अंगावर नवा ड्रेस होता आणि तोंडात एक शब्द नव्हता. घरी आम्ही गोरमाटी बोलतो. तिला मराठी समजायची, पण बोलायचं म्हटलं की माझ्यासारखंच तिचंही तोंड बंद. शाळा सुरू झाली आणि काही दिवसांतच त्यांनी परीक्षा घेतली. पायाभूत चाचणी म्हणतात तिला. पाया कोणी भरला, त्यात काय राहून गेलं, हे कोणी विचारलं नाही. लेकरू किती खचलं आहे तेवढं मोजलं आणि घरी चिठ्ठी पाठवली, पालकाच्या सहीसाठी.

चिठ्ठीवर पायलचं नाव होतं आणि पुढं लिहिलं होतं, ‘अ प्रगत’. आधी अ, मग मोकळी जागा, मग प्रगत. माझ्या चौथीच्या वर्गात गुरुजी पाटीवर अ, ब, क लिहायचे. मला कधी ब मिळाला, बहुतेक क. अ मला कधीच मिळाला नाही. आणि माझ्या पोरीला हायस्कूलमध्ये पहिल्याच महिन्यात अ मिळाला होता, वर ती प्रगत होती. मी नीट बसून सही केली. वाटीत साखर घेतली आणि तांड्यावर चार घरी चिमूट चिमूट देऊन आले. शेजारची कमल म्हणाली, “आता तुझी पोरगी मास्तरीण होणार, अन् तू आमाला वळखणार न्हाईस.” मला फार बरं वाटलं होतं. हे लिहिताना आजही लाज वाटत नाही, कारण लाज मला वाटायचं कारणच नव्हतं.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. पायलचे बा रानात होते, म्हणून मी गेले. वर्गशिक्षकांसमोर उभं राहून, सगळं बळ एकवटून म्हटलं, “सर, लेकराला अ दिला, बरं वाटलं. तांड्यावर साखर वाटली.” त्यांनी चिठ्ठी घेतली, पाहिली आणि हसायला लागले. “अहो बाई, अ प्रगत नाही ते. अप्रगत! म्हणजे काहीच येत नाही तिला.” तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी चिठ्ठी शेजारच्या सरांना दाखवली, त्यांनी पुढच्यांना, आणि ती टेबलावरून फिरत फिरत हेडमास्तरांकडं गेली. हेडमास्तर पोट हलवत म्हणाले, “साखर वाटली? मग आमची कुठंय?” त्या खोलीत किती पदव्या बसल्या होत्या ते भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढं लिहिलेलं होतं. एवढे शिकलेले लोक एका जागी इतके हलके झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते. आपल्या कारकुनाला एक शब्द सलग लिहिता येत नाही, याचं हसू त्यांच्यातल्या एकालाही आलं नाही.

कोपऱ्यात दाराजवळच्या स्टुलावर शेख मॅडम बसल्या होत्या. त्या तासिकेवर होत्या, म्हणजे जेवढे तास शिकवणार तेवढ्याच कामापुरत्या, आणि तशा लोकांना त्या खोलीत खुर्ची नसायची. त्यांनी उठून चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणाल्या, “बाईनं बराबर वाचलंय सर. मधली जागा तुमी सोडली.”

हसणं बंद झालं. हेडमास्तर म्हणाले, “मॅडम, तुम्ही तुमचं गणित पाहा.”

मी बाहेर येऊन चपला शोधत होते, डोळ्यांतल्या पाण्यानं त्या दिसत नव्हत्या. मॅडम मागून आल्या. मला वाटलं, आता ही बाई पाठीवरून हात फिरवणार. तर म्हणाल्या, “रडून राहिले काय? लवकर आटपा, माझी बस जाती.” मग माझी एक चप्पल पायानं माझ्याकडं सरकवत म्हणाल्या, “खरं सांगू का? पोरगी मागं हाय. पण यांच्या कागदात हाय तेवढी न्हाई. कुठं अडती ते यांला माहीत न्हाई. मला बी न्हाई. पाहावं लागंल.” ‘मला माहीत नाही’ असं म्हणणारी मास्तरीण मी पहिल्यांदा पाहिली. बाकीच्यांना सगळं माहीत होतं.

अप्रगत मुलांसाठी शाळेत वर्ग होता. त्याचं नाव उपचारात्मक. उपचार म्हणे... लेकरं काय आजारी होती? तो वर्ग रजिस्टरमध्ये रोज भरायचा. खरा तो मधल्या सुट्टीनंतर हॉलमध्ये भरायचा, जिथं एक सर मोबाईल बघत बसायचे आणि मुलं पुस्तकातलं एकच पान उतरवून काढायची. मुलींना स्टाफरूमचे कप धुवायला पाठवायचे. एकदा वरून साहेब येणार म्हणून सगळ्यांच्या हातात गोष्टींची पुस्तकं देऊन फोटो काढला. एका मुलानं पुस्तक उलटं धरलं होतं. फोटो तसाच वर गेला आणि वरच्या साहेबांनी शाबासकी पाठवली. पायल हे घरी येऊन सांगायची, हसून नाही, भाजीचा भाव सांगावा तसं.

शेख मॅडम पायलला आणि आणखी चार-पाच जणांना पाण्याच्या टाकीमागं घेऊन बसायच्या, स्वतःचा डबा खाता खाता. त्यांची एकच पद्धत होती. बरोबर आलेलं उत्तर त्या पाहायच्याच नाहीत. चुकलेलं घेऊन यायचं आणि त्या विचारायच्या, “हे काहून लिहिलं?” ‘चुकलं’ म्हणायच्या नाहीत. ‘काहून’ विचारून वाट बघायच्या. पायलच्या चाचणीत एक गणित होतं. सहा मुलींना प्रत्येकी पाच आंबे दिले, तर एकूण आंबे किती? पायलनं लिहिलं होतं पाच. वर्गशिक्षकांनी त्यावर फुली मारून शेजारी ‘पाढे येत नाहीत’ असं लिहिलं होतं. मॅडमनं विचारलं, “पाच काहून?” पायल तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी म्हणाली, “प्रत्येकीनं पाचच आंबे दिले मॅडम. सहा पोरींत कसे वाटून घेतले ते त्यांचं त्यांना ठाऊक.”

तिला वाटलं होतं, प्रत्येकी हे एका मुलीचं नाव आहे.

मॅडम इतक्या हसल्या की डबा सांडला. मग म्हणाल्या, “ही प्रत्येकी लय कंजूष हाय गं!” आणि पायलसुद्धा हसली, शाळेत पहिल्यांदा. पुढं बसस्टॉपवर मला भेटल्या तेव्हा मॅडम चिडलेल्या होत्या. “पोरीनं तिच्या समजुतीप्रमाणं बराबर उत्तर काढलंय. पाढे तिला तिसापर्यंत पाठ हायेत. एक शब्द तिला कोणी सांगितला न्हाई, अन् आमी तिला अप्रगत म्हणून राहिलो.” तो शब्द मला येत होता, चौथीत शिकले होते. तिनं मला विचारला नाही आणि मी तिच्याजवळ कधी वही घेऊन बसले नाही. यात माझीही चूक आहे, ती वगळून लिहिणं बरोबर नाही.

मॅडम काही देवमाणूस नव्हत्या. तोंड फार फटकळ. पायलला एकदा सगळ्यांपुढं “तोंडात गुळणी धरली काय?” म्हणाल्या, पोरगी दोन दिवस शाळेत गेली नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी निरोप पाठवला, ‘गुळणी थुंकून ये’. माफी मागणं त्यांना जमायचं नाही. पायल गेली.

संक्रांत झाल्यावर हेडमास्तरांनी आठवीच्या सात-आठ मुलांच्या पालकांना बोलावलं. शाळेच्या गेटवर मोठा बोर्ड आहे, दहावीचा निकाल शंभर टक्के. आम्हाला वाटायचं, किती चांगलं शिकवतात. त्या दिवशी कळलं की शंभर टक्के कसे लागतात. जे पडतील असं वाटतं, त्यांना आठवीतच बाहेर काढायचं. हेडमास्तर गोड बोलत होते, “ताई, आता आठवीला नापास करतात. पोरगी नापास झाली तर नाव तुमचंच खराब. त्यापेक्षा दाखला घेऊन जा, दुसरीकडं घाला.” दुसरीकडं कुठं? दुसऱ्या शाळेला दोन बस बदलून जावं लागतं, आणि आमच्यातलं कोणी पोरीला तसं पाठवत नाही. घरी पायलच्या बानं आधीच सांगून ठेवलं होतं, “दाखला आणला की विषय संपला. सोयरे इचारून राहिले.” पायल तेव्हा चौदा वर्षांची होती.

दाखल्याचा अर्ज कारकुनानं आधीच लिहून ठेवला होता. ‘शाळा सोडण्याचे कारण’ याच्यापुढं होतं, ‘पालकाची विनंती’. खाली सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. तांड्यावर माझ्या वयाच्या बायका अंगठा लावतात. मी सही करते, मला त्याचा अभिमान होता. ऑफिसबाहेरच्या बाकावर मी कागद मांडीवर घेऊन बसले, पेन उघडलं. तेवढ्यात मॅडम तास संपवून आल्या, हात खडूनं पांढरे. त्यांनी कागद वाचला.

“तुमी मागितला दाखला?”

“न्हाई.”

“मग विनंती कोणाची हाय?”

मी सहीच्या जागेवरची पेन्सिलीची फुली बघत बसले. त्या खाली वाकून हळू म्हणाल्या, “सही येती म्हणून करायचीच असं न्हाई, बाई. अंगठेवाल्याला फसवलं म्हणता येतं. तुमी वाचून सही केल्यावर कोणाला सांगणार?”

हेडमास्तर दारात आले होते. म्हणाले, “मॅडम, तुम्ही तासिकेवर आहात, विसरू नका.”

“व्हय सर. तास कमी हायेत, म्हणून तर बोलायला वेळ भेटतो.”

मी पेनाला टोपण लावलं, कागद बाकावर ठेवला, वर पेन ठेवलं आणि निघून आले. घरी सांगितलं, शाळेनं दाखला दिला नाही. ते खोटं नव्हतं. मधली जागा तेवढी मी सोडली.

पायल आठवीला इंग्रजीत पडली. उन्हाळाभर दर बाजाराच्या दिवशी मी तिला कळमनुरीला मॅडमच्या घरी सोडायचे आणि भाजी घेऊन परत न्यायचे. जूनमधल्या फेरपरीक्षेत ती पास झाली, आणि त्याच जूनमध्ये मॅडमचे तास गेले. मला तेव्हा त्यांच्यापुढं उभं राहवेना. त्या म्हणाल्या, “तोंड काहून पाडलं? बस पकडायची तकलीफ गेली माझी.” मग घरीच चार मुलं शिकवू लागल्या. पायल नववी, दहावी त्यांच्याकडं जात राहिली. यंदा दहावीचे पेपर संपले तेव्हा त्या बाजारात भेटल्या. फार वाळल्या होत्या, पोटाचं दुखणं होतं, नांदेडला दवाखाना चालू होता. म्हणाल्या, “पेपर कसे गेले असं इचारू नका तिला. काय आलं न्हाई ते इचारा.” ती शेवटची भेट. निकालाच्या आठ दिवस आधी त्या गेल्या. पायल बासष्ट टक्क्यांनी पास झाली. तसले आकडे शाळा बोर्डावर लावत नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि पायल दाखला आणायला गेलो, अकरावीसाठी. मैदानात मुलं रांगेत बसवलेली आणि माईकवर हेडमास्तर. मॅडमची शोकसभा होती. “अप्रगत विद्यार्थ्यांना प्रगत करणे ही आपल्या शाळेची परंपरा, आणि शेख मॅडम त्या परंपरेच्या...” पुढचा शब्द त्यांना सुचेना, कागदात पाहिला, “...पाईक होत्या.” मग दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. मी व्हरांड्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत होते. दोन मिनिटं झाली नाहीत. एकसुद्धा नीट झालं नाही.

ऑफिसात कारकून दाखले लिहीत होता. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. आधीच्या मुलाचीही चांगली, पायलचीही चांगली, मान वर न करता. याच हातानं त्या दोन अक्षरांमध्ये जागा सोडली होती. मग तो थांबला, “शाळा सोडण्याचं कारण?” सभा उरकून आत आलेले हेडमास्तर पाणी पिता पिता म्हणाले, “लिहा, पालकाची विनंती.” त्यांनी आमच्याकडं पाहिलंही नव्हतं. त्यांना ते इतकं पाठ होतं.

पायलनं माझ्याकडं पाहिलं. खोलीत पाच-सहा माणसं होती, सगळे पुरुष.

मी म्हटलं, “न्हाई. विनंती कोणी केली न्हाई. पोरगी दहावी पास झाली, तसं लिहा.”

कारकुनानं लिहिलं आणि कागद फिरवून बोट ठेवलं, “इथं सही करा.”

“आधी वाचून दाखवा,” मी म्हटलं.

त्यानं हेडमास्तरांकडं पाहिलं. मग वाचलं, वरपासून खालपर्यंत, पायलच्या नावासकट, मोठ्यानं. मग मी सही केली.