परतीची नळी

टाकीदादा म्हणजे गल्लीच्या टोकाला गाड्यांच्या डिझेलच्या टाक्या बनवणारा माणूस. हात कसबी, पण बोलणं विचारू नका; कुणी दोष काढला की स्वारी भडकलीच. जुनी टाकी आली की आधी ती पाण्याने तोंडापर्यंत भरायची, मगच डागायची ज्योत जवळ न्यायची, म्हणजे आतल्या वाफेचा भडका उडत नाही. आणि काम झालं की आपल्या कॅनमधलं डिझेल ओतूनच गाडी सोडायची. कोरड्या टाकीने कुणाला घरी पाठवू नये, म्हणायचा.

त्याची धाकटी बहीण शाळेची व्हॅन चालवायची. नवरा गेल्यावर त्याच व्हॅनवर तिचं घर चालत होतं. टाकी गंजली म्हणून दादाने नवी बसवून दिली, आणि तिथून पनवतीच लागली. रेल्वेपुलाच्या चढावर व्हॅन मधूनच बंद पडायची. मागे हॉर्न, आत रडणारी पोरं. ती दादाकडे यायची, दादा डिझेल ओतायचा आणि त्याच पुलावरून फिरवून आणायचा. तेव्हा गाडी हूं की चूं न करता चढायची.

"गाडी ठणठणीत आहे. क्लच नीट सोडत जा, बाई."

"इंजिनच मरतं रे, दादा. क्लचचा काय संबंध?"

"मला शिकवतेस?"

झालं, विषय संपला. शाळेच्या मोठ्या बाईंनी फोन करून विचारलं, तेव्हाही याने तेच ठोकून दिलं: गाडीत खोट नाही. शाळेने बहिणीला काढून टाकलं. तिने व्हॅन दादाच्या दारात आणून लावली, किल्ली बाकावर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

त्या गप्प राहण्याने तो जास्तच चिडला. तिरमिरीत व्हॅन काढली, कॅनला हातही न लावता. पुलाच्या अर्ध्या चढावर इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. टाकीदादाची नजर डिझेलच्या काट्यावर गेली. काटा खाली आला होता, पण टाकी रिकामी नव्हती. त्याला त्या टाकीचं झाकण आठवलं.

इंजिनाला लागून उरलेलं डिझेल परतीच्या नळीने टाकीत येतं, तापलेलं, फेसाळलेलं. ती नळी इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या नळीपासून लांब सोडायची, हे तो झोपेतही सांगेल. पण बहिणीची टाकी बनवताना दुसरं भोक पाडायचा कंटाळा केला. घरचंच तर काम! एकाच झाकणात दोन्ही नळ्या शेजारी शेजारी बसवल्या. टाकी भरलेली असली की फेस वर निघून जायचा. डिझेल कमी आणि त्यात चढ, की तोच फेस पुन्हा इंजिनात. आणि हा शहाणा दर वेळी टाकी भरूनच बघत होता. काय म्हणावं या माणसाला!

टाकी उतरवून त्याने परतीची नळी पार दुसऱ्या कोपऱ्यात, तळाजवळ नेली. कमी डिझेलवर पूल चढून पाहिला. मग शाळेत गेला. पालकांनी दुसरी गाडी लावली होती. त्याचं ऐकायला आता कुणाला वेळ नव्हता.

बहीण एका लाँड्रीत नुकतीच कामाला लागली होती. तो गेला तेव्हा ती चादरींच्या घड्या घालत होती.

"चूक माझी होती, तुझी नव्हती. शाळेतही सांगून आलो."

"परत घेतील?"

"नाही."

तिने हातातली घडी पुरी केली. "गाडी बंद पडली की पोरं रडायची ना, मी त्यांना सांगायचे, घाबरू नका, गाडी माझ्या दादाने बघितलीय."

टाकीदादाने पुढच्या चादरीचं दुसरं टोक धरलं. तिने ते त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतलं आणि एकटीनेच घडी घातली.